आधी विमान, मग बिघाड

सेसना १७२ या शिकाऊ विमानाचा वीज तयार करणारा अल्टरनेटर हवेत बंद पडला, तर इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रोपेलर फिरत राहतो, आवाज तोच, वेग तोच, खालची शेतं त्याच चालीने मागे सरकत राहतात. पॅनेलवर व्होल्टेज कमी झाल्याचा एक दिवा तेवढा लागतो. इंजिनाला लागणारी ठिणगी मॅग्नेटो नावाचं स्वतंत्र यंत्र तयार करतं आणि त्याला बॅटरी लागत नाही. असे मॅग्नेटो एका इंजिनाला दोन असतात, आणि प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लगही दोन. एकाच इंजिनावर उडणाऱ्या विमानात जिथे दुसरा आधार देता येईल तिथे तो दिलेला असतो.

तरीही हवेतल्या बिघाडांतून अपघात होतात. त्यांचे चौकशी अहवाल वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जे बिघडलं ते बऱ्याचदा जीव घेण्याइतकं मोठं नव्हतं. वैमानिक त्या बिघाडाकडे पाहत राहिला आणि धडधाकट विमान त्याच्या हातून सुटलं. बारामती, गोंदिया किंवा धुळ्याच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिक उडायला लागतात, तेव्हा बिघाड दुरुस्त करणं त्यांना शिकवत नाहीत, हवेत ते शक्यही नसतं. शिकवतात तो लक्ष कुठे, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ द्यायचं याचा हिशेब.

उघडलेलं दार आणि जळालेला बल्ब

सर्वांत किरकोळ बिघाडापासून सुरुवात करू. दाराची कडी नीट बसलेली नसते आणि उड्डाण घेतल्या घेतल्या दार उघडतं. वाऱ्याचा घोंगाट सुरू होतो, नकाशे फडफडतात, नवख्याच्या छातीत धस्स होतं. प्रत्यक्षात समोरून येणारी हवा ते दार फार उघडूच देत नाही आणि विमान जवळपास पहिल्यासारखंच उडत राहतं. सेसनाची पुस्तिका सांगते की एवढ्यासाठी उतरण्याची गरज नाही. वेग ७५ नॉटच्या आसपास स्थिर करा, दार किंचित बाहेर ढकला आणि जोराने ओढून लावा. असं असूनही उघड्या दारापायी विमानं पडलेली आहेत. दार ओढायला वैमानिक बाजूला वळतो, नकळत नाक वर जातं, वेग उतरतो, पंखांवरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि विमान स्टॉल होतं. जमीन काहीशे फुटांवर असेल तर सावरायला जागा उरत नाही.

ही चूक नवख्यांचीच असते असंही नाही. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं ट्रायस्टार विमान न्यूयॉर्कहून मायामीला आलं. उतरताना पुढचं चाक बाहेर येऊन घट्ट बसल्याची खूण असलेला दिवा लागला नाही. विमान २,००० फुटांवर नेऊन ऑटोपायलटच्या हवाली केलं गेलं आणि कॉकपिटमधली सगळी अनुभवी माणसं त्या दिव्याच्या मागे लागली. त्या गडबडीत उंची धरून ठेवणारी ऑटोपायलटची व्यवस्था सुटली. विमान हळूहळू खाली येत होतं, ते कुणाच्याही ध्यानात आलं नाही. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत विमान कोसळून १०१ माणसं गेली. चाक व्यवस्थित बाहेर आलेलं होतं, बल्ब जळाला होता.

म्हणून पहिल्या दिवसापासून क्रम घोटवला जातो तो असा: आधी विमान उडव, मग कुठे जायचं ते ठरव, मग बोल. पंख समतल, नाक ठरलेल्या जागी, वेग आवाक्यात, आणि ट्रिमचं चाक फिरवून विमान असं बसवायचं की हात सैल केला तरी ते सरळ जात राहील. पाच-दहा सेकंदांचं हे काम झाल्यावरच नजर बिघाडाकडे न्यायची, तीही तुकड्या-तुकड्यांनी. दोन सेकंद पॅनेल, मग बाहेर क्षितिज, मग पुन्हा पॅनेल. डोकं खाली घालून सलग अर्धा मिनिट स्विच शोधणाऱ्या विद्यार्थ्याला शेजारचा इन्स्ट्रक्टर हमखास एकच प्रश्न विचारतो: ‘विमान कोण चालवतंय?’

कुणाला कोण पोसतं

क्रम सांभाळल्यावर निदानाची पाळी येते. त्यासाठी कोणतं उपकरण कशावर चालतं हे पाठ असावं लागतं. घरात वीज गेली तरी शेगडी पेटते, आणि गॅस संपला तरी पंखा फिरतो, कारण दोन्हींची वाट वेगळी आहे. जुन्या पद्धतीच्या शिकाऊ विमानाचं पॅनेलही असंच तीन-चार वाटांनी पोसलेलं असतं.

वेग दाखवणारा, उंची दाखवणारा आणि चढ-उताराचा दर दाखवणारा असे तीन काटे नुसत्या हवेच्या दाबावर चालतात. पंखाखालच्या पिटो नळीत समोरून हवा घुसते, विमानाच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून बाहेरचा स्थिर दाब मिळतो, आणि या दाबांवरून तिन्ही काटे हलतात. कृत्रिम क्षितिज आणि दिशा दाखवणारं उपकरण यांच्या आत जायरोस्कोप फिरत असतात. ते फिरवण्यासाठी हवा ओढणारा व्हॅक्युम पंप इंजिनाला जोडलेला असतो. वळणाचा दर दाखवणारा टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो. हा मुद्दाम वेगळ्या वाटेवर ठेवलेला आहे, म्हणजे पंप गेला तरी विमान वळतंय की नाही हे सांगणारं एक उपकरण शिल्लक राहतं. रेडिओ, दिवे, उतरताना पंखांमागे खाली सोडायचे फ्लॅप आणि इंधनाचे काटेही विजेवरच. होकायंत्राला कुणाचंच काही लागत नाही.

ही वाटणी माहीत असेल तर एका दृष्टिक्षेपात बरंच कळतं. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक दोन्ही बिनसले असतील तर संशय पंपावर. वेग, उंची आणि चढ-उतार तिन्ही वेडंवाकडं दाखवत असतील तर बाहेरचं छिद्र तुंबलंय. टर्न कोऑर्डिनेटर आणि रेडिओ बरोबरच मरत चालले असतील तर वीज. आणि एकटंच काही बिघडलं असेल तर बहुधा ते उपकरणच गेलंय, त्याची वाट शाबूत आहे.

वीज गेली तर

अल्टरनेटर गेल्याचा दिवा लागला की पुस्तिकेतली कृती छोटी आहे. नव्या सेसना १७२ मध्ये अल्टरनेटर २८ व्होल्टचा आणि बॅटरी २४ व्होल्टची असते. व्होल्टेज साडेचोविसाच्या खाली उतरलं की दिवा लागतो. अल्टरनेटरचा सर्किट ब्रेकर बाहेर आलाय का ते पाहायचं, अल्टरनेटरचा स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा. दिवा विझला तर उत्तम. नाही विझला तर तो पुन्हा पुन्हा खटखटवत बसायचं नाही. ब्रेकरचंही तेच, एकदा आत ढकलावा, पुन्हा बाहेर आला तर तसाच ठेवावा. तो उडतो तेव्हा काहीतरी कारण असतं, आणि ते कारण हवेत दिसत नाही. जळका वास किंवा धूर असेल तर एकदाही ढकलायचा नाही, सरळ मास्टर स्विच बंद करायचा. इंजिन त्यामुळे थांबत नाही, हे माहीत असलेल्या माणसाचा हात त्या क्षणी कचरत नाही.

धूर नसेल आणि नुसता अल्टरनेटरच गेला असेल, तर उरलेली वीज पैशासारखी मोजून खर्चायची. सावधपणे अर्धा तास धरावा. लँडिंग लाइट, पिटो नळीचा हीटर, दुसरा रेडिओ असं सगळं बंद, एक रेडिओ आणि रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपॉन्डर चालू. टॉवरला काय झालंय ते आत्ताच सांगून टाकायचं, कारण आणखी वीस मिनिटांनी ते सांगायला रेडिओ असेलच असं नाही. फ्लॅपही विजेवर असल्याने ते नसतील असं धरून उतरण्याची तयारी करायची. बिनफ्लॅपचं विमान थोड्या जास्त वेगाने, चपट्या उताराने येतं आणि धावपट्टीवर लांबवर तरंगत जातं. म्हणून जवळची आखूड पट्टी सोडून थोड्या दूरची लांब पट्टी निवडणं कधी कधी शहाणपणाचं ठरतं.

रेडिओ पूर्णच गेला तरी संवाद संपत नाही. ट्रान्सपॉन्डरला वीज मिळत असेल तर त्यावर ७६०० लावायचं. रडारसमोर बसलेल्या माणसाला त्यावरून समजतं की या विमानाला बोलता येत नाही. ७७०० म्हणजे आणीबाणी. ट्रान्सपॉन्डरही नसेल तर टॉवरमधून दिव्याने खुणा करतात, आणि त्या जगभर सारख्याच आहेत. हवेतल्या विमानासाठी स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत ये, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, इथे उतरू नकोस. खूण दिसली हे दिवसा पंख हलवून कळवायचं. सगळे रेडिओवरच बोलत असताना या खुणा परीक्षेपुरत्या पाठ केल्यासारख्या वाटतात. वीज गेली की त्याच कामाला येतात.

हळूहळू खोटं बोलणारं क्षितिज

वीज गेल्याचं निदान दिवा तरी सांगतो. व्हॅक्युम पंपाचा बिघाड जास्त कपटी आहे. या पंपात कार्बनच्या पात्या असतात आणि त्या बहुतेकदा काही पूर्वसूचना न देता तुटतात. पण पंप एका क्षणात मेला तरी जायरोस्कोप लगेच थांबत नाही. काही मिनिटं तो आपल्या वेगावर फिरत राहतो आणि हळूहळू मंदावतो. या काळात कृत्रिम क्षितिज हळूच एका बाजूला झुकायला लागतं, इतकं हळू की ते विमानच झुकतंय असं वाटावं. वैमानिक प्रामाणिकपणे ते सरळ करायला जातो, आणि सरळ असलेलं विमान वाकडं करतो.

स्वच्छ दिवशी याने काही बिघडत नाही. खिडकीबाहेर खरं क्षितिज आहे, त्याच्यावर नजर ठेवून उडता येतं. ढगात, दाट धुरकटात किंवा अंधाऱ्या रात्री मात्र तो आधार नसतो. मग माणूस स्वतःच्या अंगाच्या जाणिवेवर विसंबायला बघतो, आणि ती जाणीव तर आणखी फसवी. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका वळणाची सुरुवात ओळखतात, पण वळण एकसारखं चालू राहिलं की त्यांतला द्रव स्थिरावतो आणि मेंदूला वाटतं आपण सरळ चाललोय. अशा वेळी विमान झुकत, वेग घेत, गोल गोल खाली जातं, आणि आतल्या माणसाला फक्त उंची कमी होतेय एवढंच कळतं. तो नाक वर ओढतो, त्याने फेरा अधिकच घट्ट होतो.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये याचा एक प्रयोग केला होता. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसू न देता विमान चालवायला दिलं. ताबा सुटायला सर्वांत कमी २० सेकंद लागले, सर्वांत जास्त ४८० सेकंद, आणि सरासरी १७८. म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमीच. आणि तेव्हा उपकरणं ठीक होती, माणसांना त्यांची सवय नव्हती. त्याच प्रयोगात एक सोपी युक्ती शिकवून पाहिली: वेग आणि ट्रिम नीट बसवून, टर्न इंडिकेटरवर नजर ठेवत हलक्या वळणाने आल्या वाटेने परत फिरायचं. ती शिकल्यावर त्याच माणसांना ढगातून बाहेर पडणं जमू लागलं. विद्यार्थ्यांकडून आज १८० अंशांचं वळण घोटवून घेतात, त्यामागे हे आहे.

मिसूरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहन १६ ऑक्टोबर २००० च्या रात्री छोट्या सेसना ३३५ विमानातून प्रचारदौऱ्यावर निघाले होते. विमान त्यांचा मुलगा चालवत होता. हवामान खराब होतं आणि मुख्य कृत्रिम क्षितिज नीट चालत नसल्याचं त्याने नियंत्रकाला कळवलंही होतं. तरी विमान कोसळलं, आतले तिघेही गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य कारण दिलं ते वैमानिकाला आलेल्या दिशाभ्रमाचं. उपकरणाचा बिघाड आणि हवामान यांना त्यात हातभार लावणारी कारणं म्हटलं.

यावर उपाय म्हणजे खोटं बोलणारा काटा नजरेआड करणं. इन्स्ट्रक्टरच्या खिशात रबराची झाकणं किंवा चिकटपट्टीचे कागद असतात. शिकवताना ते कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक झाकून टाकतात, आणि खऱ्या बिघाडातही वैमानिकाने तेच करावं, कारण समोर दिसत असलेल्या क्षितिजाकडे दुर्लक्ष करणं माणसाला फार अवघड जातं. मग उरलेल्या उपकरणांवर उडायचं: वळण टर्न कोऑर्डिनेटरवरून, नाकाची ठेवण वेग आणि उंचीवरून. दिशा बदलायची तर घड्याळ लावून. ठरावीक दराचं वळण सेकंदाला ३ अंशांचं असतं, म्हणून मागे फिरायला बरोबर एक मिनिट लागतं. होकायंत्र वळणात उत्तर-दक्षिणेला चुका करतं, त्यामुळे त्याचं ऐकायचं ते विमान सरळ आणि समवेगात आल्यावरच.

अलीकडच्या काचेच्या पॅनेलमध्ये, म्हणजे गार्मिनच्या जी-१००० सारख्या पडद्यांवर, ही फसवणूक बरीच कमी झाली आहे. ज्या माहितीवर भरवसा नाही तिच्यावर पडदा लाल फुली मारून टाकतो. काटा खोटं बोलत राहण्याऐवजी गप्प बसतो, हे सुरक्षेच्या दृष्टीने मोठंच पाऊल आहे. मात्र पडदाच काळा झाला तर तिथेही शेजारी ठेवलेल्या छोट्या राखीव काट्यांकडे वळावं लागतं.

कुंभारीण माशीचं घर

हवेच्या दाबावरचे तीन काटे बिघडतात ते बऱ्याचदा जमिनीवरच. कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला पिटो नळीची पोकळी फार सोयीची. १९९६ च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बर्जनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ जण गेले. एक पिटो नळी तुंबली होती. विमान बरेच दिवस उभं होतं, नळ्यांवर झाकणं नव्हती, आणि माशीचं घर हे तुंबण्याचं संभाव्य कारण ठरलं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एरोपेरूचं विमान लिमाजवळ पडून ७० जण गेले. धुण्यासाठी स्थिर दाबाच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून नळी आणि छिद्रं बोटाने, डोळ्याने तपासतात ती फेरी विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटते. तिचं मोल या दोन अपघातांत दिसतं.

काटे कसे चुकतात हे मात्र तर्काने सांगता येतं. स्थिर दाबाचं छिद्र तुंबलं की उंचीचा काटा होता तिथेच गोठतो, चढ-उताराचा शून्यावर बसतो, आणि वेगाचा काटा वर चढताना खरा वेग कमी करून तर खाली येताना वाढवून दाखवतो. पिटो नळी आणि तिचं पाणी निथळण्याचं भोक दोन्ही बंद झालं, तर वेगाचा काटा उंचीच्या काट्यासारखा वागतो: विमान चढू लागलं की वेग वाढल्याचं भासतं. त्याला भुलून नाक आणखी वर उचललं की खरा वेग घसरतो.

या सगळ्यातून सुटायला एक साधा नियम आहे. ठरावीक आरपीएम आणि नाकाची ठरावीक ठेवण दिली की विमान ठरावीक वेगानेच उडतं, काटा काहीही म्हणो. चांगला विद्यार्थी चढाईचे, सरळ उड्डाणाचे आणि उताराचे आपल्या विमानाचे आकडे तोंडपाठ ठेवतो. शिवाय कॉकपिटमध्ये स्थिर दाबाचा पर्यायी मार्ग उघडणारी खुंटी असते. ती ओढली की आतली हवा वापरली जाते आणि उंची किंचित जास्त दिसते, पण काटे पुन्हा जिवंत होतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे उड्डाणाच्या धावेतच वेगाचा काटा हलतोय का ते पाहणं. नसेल हलत तर जमिनीवरच थांबायचं.

इंजिन कुरकुरायला लागतं तेव्हा

इंजिनाचा आवाज बदलला की अंगावर काटा येतो, पण त्याची बरीच कारणं सुटण्यासारखी असतात. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं हे त्यातलं ठळक, आणि महाराष्ट्रातल्या उन्हाचा अनुभव असणाऱ्याला ते खरं वाटणार नाही. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान २०-३० अंशांनी उतरू शकतं. हवा दमट असेल तर बाहेर २५ अंश असतानाही आत बर्फ बसतो, विशेषतः उतरताना इंजिन कमी ताकदीवर ठेवलेलं असतं तेव्हा. पावसाळ्यातली कोंदट सकाळ त्याला पोषक. आरपीएम हळूहळू उतरतं, मग इंजिन अडखळतं. उपाय आहे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कार्ब हीटची खुंटी पूर्ण ओढणं. पहिल्यांदा आरपीएम आणखी उतरतं, कारण गरम हवा विरळ असते. मग वितळलेलं पाणी आत गेल्याने इंजिन जास्तच धडधडतं. इथेच नवखा घाबरून खुंटी परत ढकलतो, आणि हीच चूक नडते. धीर धरला की इंजिन मोकळं होतं.

एकाएकी धडधड सुरू झाली तर एखादा मॅग्नेटो बिघडल्याची शंका येते. किल्ली दोन्हींवरून डाव्यावर, मग उजव्यावर नेऊन कोणत्यावर इंजिन सुरळीत चालतं ते पाहायचं, आणि चांगल्यावर ठेवून जवळच्या धावपट्टीकडे निघायचं. हे शक्य होतं कारण उड्डाणाआधीच्या तपासणीत १,८०० आरपीएमवर प्रत्येक मॅग्नेटो एकेकटा चालवून पाहिलेला असतो. १५० हून जास्त आरपीएम पडलं किंवा दोघांत ५० हून जास्त फरक आला तर त्या दिवशी उडायचंच नाही.

आणि इंजिन खरोखरच थांबलं तर विमान ग्लायडर होतं, दगड नाही. सेसना १७२ एस या प्रकाराचा सर्वोत्तम तरंगण्याचा वेग ६८ नॉट. वारा नसेल तर दर हजार फुटांना दीड नॉटिकल मैल अंतर मिळतं. जमिनीपासून ३,००० फुटांवर असाल तर साधारण आठ किलोमीटरचा पल्ला आणि चार मिनिटांचा वेळ हाताशी असतो. पहिलं काम नाक उतरवून तो वेग धरणं. मग शेत निवडणं. त्यानंतरच इंधनाची कळ, इंधन-हवेच्या प्रमाणाचं मिक्स्चर, कार्ब्युरेटर असेल तर कार्ब हीट, मॅग्नेटो अशी फेरी करून इंजिन पुन्हा लावून पाहणं. १२१.५ मेगाहर्ट्झवर किंवा चालू फ्रिक्वेन्सीवर मेडे ही संकटाची हाक त्यानंतर.

शेताची निवड हा खरा स्थानिक अभ्यास. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात उंच ऊस विमानाला अडकवतो, ताजी नांगरलेली काळी जमीन चाक रुतवून उलटवते. कापणी झालेलं, नांगर न लागलेलं रान बरं. गोंदियाकडे धानाच्या बांध्या छोट्या, पाणी साचलेल्या आणि धुऱ्यांनी तोडलेल्या. रस्ता मोहात पाडतो, पण कडेला विजेच्या तारा असतात आणि त्या वरून दिसत नाहीत, दिसतात ते खांब. वाऱ्याची दिशा वीटभट्टीच्या किंवा गुऱ्हाळाच्या धुरावरून कळते. वाऱ्याकडे तोंड करून उतरलं तर जमिनीवरचा वेग कमी होतो, आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते: ६० नॉटऐवजी ४५ नॉटने टेकलात तर ती जवळपास निम्मी. शेवटच्या टप्प्यात इंजिन सुरू करण्याचा नाद सोडून इंधन, मॅग्नेटो आणि मास्टर बंद करायचं आणि दारांच्या कड्या मोकळ्या करायच्या, म्हणजे सांगाडा वाकला तरी ती अडकत नाहीत.

उड्डाण घेतल्याबरोबर इंजिन गेलं तर नियम आणखी कडक आहे. मागच्या धावपट्टीचा मोह टाळून समोर, थोडं डाव्या-उजव्या हाताला जे मिळेल त्यात उतरायचं. परत फिरायला नुसतं अर्धं वळण पुरत नाही. पट्टीच्या रेषेत यायला त्याहून जास्त वळावं लागतं, वळणात उंची भराभर जाते आणि झुकलेलं विमान जास्त वेगातही स्टॉल होतं.

कागद आणि पाठांतर

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं नवं बॉम्बर विमान उडताच कोसळलं. जमिनीवर वाऱ्याने हलू नयेत म्हणून नियंत्रक पृष्ठांना लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे निष्णात होते, विमानात दोष नव्हता. त्यातून लष्करी वैमानिकांनी उड्डाणाआधीच्या आणि उतरण्याच्या कृतींची यादी कागदावर आणली, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंच्या संख्येने बनलं.

आजच्या शिकाऊ विमानातही कृतींचे दोन भाग केलेले असतात. आग किंवा इंजिन बंद पडणं यांत वाचायला वेळ नसतो, म्हणून पहिल्या चार-पाच कृती तोंडपाठ आणि हातपाठ असाव्या लागतात. विद्यार्थी जमिनीवर उभ्या विमानात डोळे मिटून त्या कळांपर्यंत हात नेण्याचा सराव करतात. बाकीचं सगळं कागदावरून, कारण धास्तावलेलं मन पायरी गाळतं आणि गाळलेली पायरी त्याला केली असल्यासारखी आठवते.

हे सगळं पार पडून विमान खाली आलं की विद्यार्थ्याचं शेवटचं काम उरतं, आणि ते टाळण्याचा मोह सर्वांत मोठा. भारतीय विमानतळांवर बिघाडाला ‘स्नॅग’ म्हणतात. तो विमानाच्या नोंदवहीत लिहायचा, नुसतं ‘रेडिओ खराब’ एवढंच न लिहिता: कोणत्या उंचीवर, किती वेळाने, कोणता काटा काय दाखवत होता, काय केल्यावर काय बदललं. देखभाल करणाऱ्या इंजिनिअरला हवेतला बिघाड बहुधा जमिनीवर दिसत नाही. थंड झालेला ब्रेकर शहाण्यासारखा वागतो, वितळलेला बर्फ खूण ठेवत नाही. त्याच्या हातात असते ती वैमानिकाची साक्ष. अनेकांना वाटतं की स्नॅग लिहिला तर विमान अडकेल, आपले तास मागे पडतील, इन्स्ट्रक्टर म्हणतील एवढ्याशाने घाबरला. पण न लिहिलेला बिघाड विमानातच राहतो, आणि पुढच्या वेळी तो कुणा सोलोवर निघालेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो, शेजारच्या खुर्चीत विचारणारं कुणी नसताना.